मुगालुलाचा मासा

जिंजा
१८ नोव्हेंबर १९६३

केझिया वन्सं,

इथूनच गुडघे टेकते. रात्र कशी गेली? घर कसं आहे, तळं कसं आहे, तुमची मोडक्या शिंगाची गाय कशी आहे? आता हेच तुम्ही मला विचारायचं आणि मी म्हणायचं, सगळं ठीक. रीत आहे म्हणून म्हणते.

ठीक नाही वन्सं. तुमच्या भाच्याला ओब्वोसी झालाय. दुसऱ्यांदा दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा मी मुगालुलाला अंगावरून तोडलं, आणि बघता बघता त्याचे पाय सुजले, केस तांबूस झाले. सकाळी उचलून दारात बसवते, संध्याकाळी तिथेच असतो. रडतसुद्धा नाही. रडला असता तर मला बरं वाटलं असतं.

शेजारच्या नालोंगोबाई म्हणतात, पोटातलं मूल याच्यावर जळतंय. त्यांना जुळी आहेत, त्यामुळे मान मोठा आणि आवाज त्याहून मोठा. दवाखान्यातली नर्स म्हणते, पोटातल्या जिवाला नावं ठेवू नका. तू याला नुसता केळ्यांचा मटोके भरवतेस, त्यानं पोट भरतं, अंग भरत नाही. मांस दे, अंडं दे, दूध दे, मासा दे. अहो, देते ना. तोंडात घातलं की तो जिभेनं हळूच बाहेर ढकलतो. भांडत नाही, नुसता नको म्हणतो. दुधाची भुकटी तर पोटात ठरतच नाही. हे असंच चाललं तर मला तयारीत राहायला हवं, असं नर्सनं मला बाजूला घेऊन सांगितलं. कसली तयारी ते मी विचारलं नाही.

तुमचे भाऊ एरिया गिरणीतून येतात, हातपाय धुतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात.

तुमच्याकडे सेनेने आले का? इथे परवा आले. संध्याकाळचं आभाळ नाकतोड्यांनी हिरवं झालं आणि ते भुरभुर खाली यायला लागले. नालोंगोबाईंनी तवा चढवला. वास आल्याबरोबर एरियांनी उठून खिडकी लावली. सेनेने कुळाचं घर, ज्यांचं नाव लावतो त्यांना खायचं नाही, खिडकी लावायलाच हवी. मी मांबा कुळातली, पण लग्न झाल्यापासून मीही लावते. एवढंच की, खिडकी लागायच्या आत मुगालुलानं मान वळवली. त्या वासाकडे. कित्येक दिवसांत त्यानं कशाकडेच मान वळवली नव्हती. उगाच आपलं लिहिलं.

एखादा पाला माहीत असला तर कळवा.

तुमची
दमाली

*

बुकाकाटा
२९ नोव्हेंबर १९६३

दमाली,

रात्र बरी गेली, गायही बरी आहे, तिचं शिंग काही उगवलं नाही. तुझ्यासारखी मीही रीत पाळली, झालं.

पत्र मिळालं त्या दिवशीच उत्तर लिहायचं होतं. पण अंगात कणकण होती आणि पहाटे जरा बाहेर जावं लागत होतं. कुठे ते विचारू नकोस. म्हाताऱ्या बाईला पहाटेची कामं असतात.

पाल्याबिल्याचं खूळ सोड. बसच्या कंडक्टरबरोबर एक डबा पाठवला आहे. त्यात माशाची भुकटी आहे. आमच्या तळ्याच्या काठी राहणाऱ्या माणसानं दुसरं काय पाठवायचं? शेंगदाण्याच्या पातळ कालवणात चमचाभर मिसळ आणि बोटानं चाटव. पहिल्या दिवशी थोडंच दे. नको म्हणाला तर डबा उघडून त्याच्या नाकाशी धर.

हे फक्त मुलाचं आहे. एरियाला देऊ नकोस. लहानपणापासून त्याला मासा सोसत नाही. नालोंगोबाईंनाही देऊ नकोस, त्यांचा आवाज आणखी वाढायला नको. तूसुद्धा त्यात नाक खुपसत बसू नकोस.

सेनेने इकडेही आले. आले तर आले. ते आमचे भाऊबंद. कुणी त्यांना तव्यावर टाकलं की आजही मी पदर नाकाला लावते, आणि या महिन्यात ओल्या गवतातून कधी चालत नाही, चुकून पायाखाली येतील म्हणून. हे तुला माहीतच आहे.

मुलाला सांग, सेंगानं खाऊ पाठवलाय. बापाची बहीण म्हणजे बापच, त्यानं माझं ऐकायलाच हवं.

केझिया

*

जिंजा
१२ डिसेंबर १९६३

वन्सं,

त्यानं खाल्लं.

आधी बोट चाटलं, मग माझा हात धरून वाटीकडे ओढला. मी तिथेच चुलीपुढे बसले आणि मला रडू आवरेना. नालोंगोबाई धावत आल्या, त्यांना वाटलं संपलं सगळं. आता रोज दुपारी तो डब्याकडे बघतो. पायाची सूज थोडी उतरली आहे. काल दारातून सरकत सरकत अंगणापर्यंत गेला, कोंबडीच्या मागे.

तुमच्या डब्याला विचित्र वास आहे. तो उघडला की मला माझं माहेर दिसतं. पहाट झालेली नसते, गवत छातीपर्यंत असतं, आम्ही सगळ्या बहिणी टोपल्या घेऊन दवातून चाललेल्या असतो. तळ्याच्या माशाला असा वास कसा येतो, देव जाणे. पोटुश्या बाईच्या नाकाचं काही खरं नसतं म्हणतात.

वन्सं, एक विचारायचं राहिलं, रागावू नका. मासा कुठला? मी मांबाची लेक. तो चिखलातला लांबडा मासा आम्ही खात नाही, तसा कालवणात ढवळतही नाही. तुमच्या हातून चूक व्हायची नाही, पण बाजारात दळणारा सगळंच एकत्र दळतो. एवढं सांगितलंत की माझा हात निर्धास्त चालेल.

तुमची
दमाली

*

बुकाकाटा
१९ डिसेंबर १९६३

दमाली,

मुकेने आहे. मुकेने, ते बोटाएवढे चांदीसारखे मासे, जे होड्या भरून येतात आणि वाळूत वाळत पडतात. तुझ्या मांबाची शेपटीसुद्धा त्यात नाही. दळणाऱ्याकडे दिलेलं नाही, मी स्वतः उखळात कुटलंय.

मुलगा खातोय ना? मग मासा कुठला, त्याचा बाप कोण, हे कशाला? मांबाच्या बायका माशाच्या बाबतीत फार चिकित्सक असतात हे मी विसरलेच होते. माझंच चुकलं, दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं.

म्हणजे दुसरं काहीतरी पाठवायला हवं होतं, असं म्हणायचं होतं मला. भुकटी रोज दे. एक दिवसही चुकवू नकोस.

केझिया

*

जिंजा
६ जानेवारी १९६४

वन्सं,

गुडघे टेकलेलेच आहेत, आणि आज वर बघायचा धीर होत नाही.

तुमचं पत्र आलं आणि माझं मन निर्धास्त व्हायच्या ऐवजी अडखळलं. मी भुकटी चाळणीवर घेतली. मांबाचा काटा सापडतो का तेवढंच बघायचं होतं. काटा नाही सापडला. पाय सापडला. मागचा, लांब, करवतीसारखे दात असलेला. माशाला पाय नसतो वन्सं. माझं सगळं लहानपण हे पाय तोडण्यात गेलंय, मला अंधारात दाखवलात तरी ओळखेन.

तुम्हाला बाजारात कुणीतरी फसवलं. तुम्ही वाळलेले मुकेने म्हणून घेतलेत आणि त्यानं खाली दुसरंच भरलं होतं. मला कशाची भीती वाटते सांगू? तुम्ही स्वतः कुटलंत. तुमच्या कुळाला तुमच्याच हातांनी, नकळत. ज्यांच्याकडून असं होतं त्यांच्या अंगावर पुरळ उठतो म्हणतात. तुमचे हात कसे आहेत?

आणि मी सेनेने कुळाच्या मुलाला त्याचेच भाऊबंद भरवले. एरियांना सांगितलेलं नाही. डबा आढ्याला बांधून ठेवला आहे.

मुगालुला रोज दुपारी आढ्याकडे बघतो. पहिले दोन दिवस हात वर करत होता, आता करत नाही. मी बाजारातून खरे मुकेने आणले, कुटले, तसंच कालवण केलं. त्यानं जिभेनं हळूच बाहेर ढकललं. पाय पुन्हा सुजायला लागलेत. मी काय करू ते तुम्हीच सांगा. कूळ तुमचं आहे, मुलगाही तुमचाच आहे.

दमाली

*

बुकाकाटा
१० जानेवारी १९६४

दमाली,

हे पत्र मिळाल्या मिळाल्या स्टुलावर चढ. नको, तू पोटुशी आहेस, नालोंगोबाईंना चढव. डबा खाली घे, मुलाला भरव आणि मग पुढचं वाच.

भरवलंस? आता ऐक.

मला कुणी फसवलेलं नाही. डब्यात काय आहे ते मला माहीत होतं, कारण ते मी माझ्या हातांनी धरलं, भाजलं आणि कुटलं.

तुला ठाऊक नाही, एरियालाही ठाऊक नाही, तो तेव्हा आईच्या पोटात होता. आमच्या दोघांच्या मध्ये आणखी एक भाऊ होता. त्याचं नाव मुगालुला. तुझ्या मुलाला ते नाव कुणी सुचवलं होतं, आठव. एरिया पोटात आला आणि त्याला ओब्वोसी झाला. मी नऊ-दहा वर्षांची असेन. दिवसभर त्याला पाठीला बांधून हिंडायचे. तो फार हलका झाला होता, कधी कधी मागे हात लावून बघावं लागे, आहे ना म्हणून. मुसेनेने, म्हणजे सेनेने येतात तो महिना होता, सगळी टेकडी हिरवी झाली होती. शेजारी तवे लागले आणि माझ्या पाठीवर त्यानं मान वळवली. मला ती मान माझ्या मानेला लागलेली कळली. मी आईला सांगितलं. आईनं खिडकी लावली. चांगली बाई होती माझी आई, तिनं करायचं तेच केलं. तो त्याच महिन्यात गेला.

तू लिहिलंस, उगाच आपलं लिहिलं. ते एक वाक्य वाचून मी पत्राची घडी केली आणि बाहेर जाऊन गाईजवळ बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी माळावर गेले. इतक्या वर्षांत या महिन्यात मी त्या गवतात पाऊल टाकलं नव्हतं. तळ्यावरून धुकं चढत होतं, माझे स्वतःचे हात मला दिसत नव्हते. गवत सगळं जड झालेलं. आधी वाटलं दवानं, मग कळलं, प्रत्येक काडीवर ते बसलेत. थंडीनं आखडलेले, हिरवे, काही तपकिरी. मी चालले की माझ्या अंगावर चढत होते. खांद्यावर, केसांत, बाह्यांवर. कुणी घाबरत नव्हतं. मीही नव्हते. मला वाटलं मी कुठल्यातरी लग्नघरात आलेय आणि सगळे नातेवाईक मला ओळखतात, मीच त्यांना इतकी वर्षं भेटले नाही.

कुळातल्या म्हाताऱ्यांना विचारलं असतं तर त्यांनी बैठक बोलावली असती, आणि बैठक उठेपर्यंत मूल गेलं असतं. म्हणून मी सेनेनेंनाच विचारलं. सरळ बोलले, आता तुला लिहितेय तशी. म्हटलं, तुम्ही आमचे भाऊ. आपल्या घरातलं एक मूल जिंजाला मरायला टेकलंय, एकाला आपण आधीच घालवलंय. तो तुमच्याकडे मान वळवतो. येता का त्याच्यासाठी?

त्यांनी काय सांगायचं? पण मी टोपली पुढे धरली आणि ते उडाले नाहीत. धुकं निवळेपर्यंत मी माझ्या आईच्या तेव्हाच्या वयाची झाले होते आणि पाठीला काहीतरी हलकं बांधलेलं होतं, असं मला वाटत होतं. मग ऊन आलं आणि मी घरी आले.

भाजायचे कसे ते मला कुठे माहीत? आयुष्यभर नाक धरून दुरून पाहिलेलं. पंख उपटायचे एवढं आठवलं, पायांचं लक्षात आलं नाही. तिथेच सापडले बघ. आणि मांबाच्या लेकीला मासा म्हणून सांगावं, याहून मोठा मूर्खपणा मी केला नसेल. कंदमुळाचं पीठ म्हटलं असतं तर तू चाळणीला हात लावला नसतास.

पुरळ उठायचा असेल तर तो माझ्या हातांवर उठेल. मूल अजाण आहे आणि तू परक्या कुळातली, तुम्हा दोघांवर काही नाही. त्याचं सगळं मी त्या माळावर माझ्या नावावर मागून घेतलंय.

भरव त्याला.

केझिया

*

जिंजा
२७ फेब्रुवारी १९६४

वन्सं,

नालोंगोबाई चढल्या, स्टूल मोडलं, डबा वाचला. त्या अजून लंगडतात आणि डब्यात काय होतं ते विचारतात. मी म्हणते, मासा.

मुगालुला काल माझ्यावर ओरडला. वाटी आणायला उशीर झाला म्हणून. काय सुंदर ओरडला, वन्सं. एरिया भिंतीकडे तोंड करून बसले होते ते वळले. त्यांनी त्याला उचललं आणि पोट दाबून बघितलं, पाय दाबून बघितले, आणि बोट दाबलं तिथे खड्डा पडला नाही. मग दोघेही हसायला लागले. मुलाच्या केसांच्या मुळाशी काळं दिसतंय.

दवाखान्यात मी नर्सला आडून विचारलं. माझ्या बहिणीचा प्रश्न आहे म्हटलं, सेनेने लहान मुलांना चालतात का? ती हसली. म्हणाली, सुकवलेले मूठभर घेतले तर मांसाच्या तोडीचे. अंग बांधणारं प्रथिन त्यात भरपूर, वर तेलही असतं, आणि नेमकं तेच या मुलांना मिळत नाही. पण मी आयांना सांगायला गेले की त्या म्हणतात ते पुरुषांचं खाणं. वन्सं, माझ्या माहेरी आजीच्या घरीही तसंच होतं. पहाटे दवात भिजायचं बायकांनी, तोडायचं-भाजायचं बायकांनी, आणि खायचं आजोबांनी. बायकांनी खाल्लं तर मूल नाकतोड्याच्या डोक्याचं होतं म्हणे. त्याबद्दल आजीला नवं लुगडं मिळायचं. तिनं लुगड्याऐवजी मूठभर तेच मागायला हवे होते, असं आता मला वाटतं.

पुन्हा कधी वेळ आली तर पाय आधी, पंख नंतर. पाय मुळाशी धरून उलटे ओढायचे. आणि तेल घालायचं नाही, त्यांच्याच तेलात ते होतात.

तुमचे हात कसे आहेत? मागेही विचारलं, तुम्ही टाळलंत.

दमाली

*

बुकाकाटा
३० जून १९६४

दमाली,

मुलगी झाली, दोघी सुखरूप, आणि डोकं माणसाचं आहे, हे कळलं. नाव एरियाच्या मनात माझं आहे म्हणतेस. ठेवा. पण तिला स्वयंपाक तू शिकव.

डबा संपला असेल. आता आणखी मिळणार नाही. मुलगा जेवायला लागलाय ना, मासा, घेवडा, शेंगदाणे सगळं? मग झालं तर. ते जेवढं द्यायचं तेवढं देऊन गेले. आता त्यानं त्यांच्या वाटेला जायचं नाही, इतर सेनेने मुलांसारखंच. त्याला यातलं काही आठवणार नाही. एरियालाही सांगायची गरज नाही. माझ्याबरोबर जाऊ दे ते.

हात ठीक आहेत. पाऊस आला की जरा खाजतात. ते वयाचं असेल.

केझिया

*

जिंजा
२२ नोव्हेंबर १९६४

वन्सं,

तुम्ही म्हणालात, त्याला काही आठवणार नाही.

काल सेनेने आले. नालोंगोबाईंनी तवा ठेवला. मी बाळाला पाजत होते, एरिया खिडकी लावायला उठले, आणि मुगालुला त्यांच्या पायांमधून घुसून खिडकीला लोंबकळला. मोठ्यानं म्हणाला, "माझा मासा!"

एरियांनी त्याला समजावलं, हा मासा नव्हे. तो म्हणाला, सेंगाचा मासा, डब्यातला. एरियांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाळाकडे पाहिलं. नालोंगोबाई पलीकडून ओरडल्या, "स्टूल मोडलं तोच ना गं?"

एरियांनी खिडकी तशीच सोडली. मग त्यांनी विचारलं, "ताईनं? ती तर या दिवसांत गवतातून चालतसुद्धा नाही."

वन्सं, मी तुमचं पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. तुमच्या शब्दाबाहेर गेले, काय ते बोला. पण त्यांना एक भाऊ होता हे तुम्ही एकटीनं किती दिवस पाठीवर वाहायचं? त्यांनी ते दाराशी उजेडात उभं राहून वाचलं. वाचून झाल्यावरही तसेच उभे होते. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आज पहाटे ते मुलाला खांद्यावर घेऊन नदीकडच्या गवतात गेले. मीही मागून गेले, बाळाला पाठीला बांधून. धुकं होतं. तुम्ही लिहिलं तसंच होतं सगळं, काड्या जड झालेल्या. एरियांनी मुलाला खाली ठेवलं आणि एक सेनेने काडीसकट त्याच्यासमोर धरला. म्हणाले, "हा तुझा भाऊ. याला खायचं नसतं."

"मी खाल्लाय," मुगालुला म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मग?"

मुलानं दोघांकडे बघून घेतलं. आणि मग मोठ्या माणसाला भेटल्यावर करतात तसे त्यानं दोन्ही गुडघे ओल्या गवतात टेकले. तेच गुडघे, वन्सं, गेल्या वर्षी सुजेत दिसत नव्हते ते. मान खाली घालून त्यानं त्या हिरव्या जिवाला विचारलं, रात्र कशी गेली? घर कसं आहे? गाय कशी आहे?

एरियाही त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसले. ते म्हणतात, ताईला लिही, पुढच्या बसनं आम्ही सगळे येतोय, आणि तिच्या हातांना लावायला लोणी आणतोय.

तुमची
दमाली